सदर सूर्य उगवता समजण्यात यावा

नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या अंगाला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत एक शाळा आहे आणि त्या शाळेच्या तिसरीच्या वर्गाला खिडकी नाही. यात शाळेचा काही दोष नव्हता. ती खोली मुळात सिमेंटच्या पोत्यांसाठी बांधलेली होती आणि पोत्यांनी बाहेर पाहण्याची इच्छा आजवर कधी व्यक्त केली नव्हती. शाळेची जुनी इमारत धोकादायक ठरली तेव्हा संस्थेचे अध्यक्ष वामनराव यांनी मोठ्या मनानं आपलं गोदाम रिकामं करून दिलं. पोती गेली, मुलं आली. खोलीला दार होतं, पण ते वामनरावांच्याच दुसऱ्या, अंधाऱ्या गोदामात उघडत होतं.

वर्गशिक्षिका प्रेमिला मॅडमना खिडकी हवी होती, आणि ती काही हौस म्हणून नव्हे. दोन ट्यूबलाइटच्या पिवळट उजेडात मुलं अकरा वाजताच पेंगायला लागत. भूमिका नावाची पोरगी तर फळ्यावरच्या दर ओळीला उठून फळ्याजवळ जाई, वाचून येई, लिही, पुन्हा जाई. पालक एकेक करून दाखले काढायला लागले होते. पट विसाच्या खाली गेला की तुकडी बंद, असा नियम होता. आणि पट विसावर येऊन टेकला होता. तुकडी बंद झाली असती तर मॅडमची बदली कुठंतरी लांब झाली असती, ते एक वेळ चाललं असतं. पण ही एवढाली लेकरं रोज ट्रकांच्या मधून अमरावती रोड ओलांडून पलीकडच्या शाळेत गेली असती. ते मॅडमना झोपू देत नव्हतं. म्हणून त्यांनी अर्ज केला: भिंतीत एक खिडकी पाडून मिळावी.

अर्जाची गंभीर दखल घेऊन विस्तार अधिकारी केशव बोंद्रे जातीनं आले. त्यांनी भिंतीवर टिचकी मारून पाहिली, जशी बाजारात मडकी वाजवून पाहतात तशी.

"मॅडम, खिडकी म्हणजे बांधकाम," ते म्हणाले. "त्याले वरून मंजुरी लागते. पण आपल्या 'प्रसन्न वर्ग' योजनेत वातावरणनिर्मितीची तरतूद आहे. त्यातून खिडकी नाही देता येत. खिडकीचं वातावरण देता येते."

"वातावरण म्हणजे काय, साहेब?"

"चित्र."

"चित्रातून उजेड येत नाही ना पण."

"ते काढणाऱ्यावर आहे," बोंद्रे साहेब म्हणाले.

काढणारा होता बंटी पेंटर. वाडीतल्या निम्म्या ट्रकांच्या पाठी त्याच्या हातच्या. त्यानं भिंतीवर सताड उघडी खिडकी काढली. खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी नारळाची झाडं, नदी, नदीत दोन हंस, आणि डोंगरांच्या मध्ये अर्धा लाल सूर्य. सवयीनं त्यानं खाली 'फिर मिलेंगे' असंही लिहिलं होतं, ते मॅडमनी पुसायला लावलं. चित्र सुरेख होतं, त्याबद्दल वाद नाही. अडचण सूर्याची झाली. प्रार्थना आटोपून मुलं जागेवर बसत, चित्राकडे पाहत आणि संध्याकाळ झाली असं समजून दप्तरं पाठीला लावत.

बोंद्रे साहेब पुन्हा आले. मावळता सूर्य योजनेच्या उद्देशाशी विसंगत होता.

"काय गा बंटी, सूर्य मावळता कायले काढला?"

"साहेब, उगवताही असाच दिसते."

साहेब विचारात पडले. आठवडाभरात परिपत्रक आलं: 'इयत्ता तिसरीच्या भिंतीवरील सदर सूर्य उगवता समजण्यात यावा.' मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलांनी दप्तरं उतरवून ठेवली. लहान मुलांना आदेश चटकन कळतो. मोठं होईपर्यंत त्याची सवय लागते.

आता खिडकीची नोंद झाली. नोंद झाली म्हणजे खोलीत नैसर्गिक प्रकाश आला. नैसर्गिक प्रकाश आला म्हणजे ट्यूबलाइट ही उधळपट्टी ठरली. वीजबचतीचा माणूस स्टूल घेऊन आला आणि दोन्ही ट्यूब काढून घेऊन गेला. जाताना त्यानं मोबाइलचा टॉर्च मारून खिडकी पाहिली आणि तिची तारीफ केली.

मॅडम कार्यालयात गेल्या. "साहेब, वर्गात अंधार आहे. आता तर ती खिडकीही दिसत नाही."

"आहे ना पण खिडकी?"

"आहे."

"मग अंधार कसा राहीन? तुमची दृष्टी नकारात्मक होऊन राहिली, मॅडम."

त्यासाठी मॅडमना सकारात्मक दृष्टीच्या प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. तिथं सगळ्या शिक्षकांना डोळे मिटायला लावून उजेडाची कल्पना करायला सांगत. बऱ्याच जणांना इतका उजेड दिसला, की ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठलेच नाहीत.

त्या परत आल्या तेव्हा सुरक्षा तपासणीचं पथक टॉर्च घेऊन खिडकीसमोर चिंतेत उभं होतं. खिडकीला गज नव्हते.

"मूल पडलं म्हणजे?" पथकप्रमुखांनी विचारलं.

"पडून जाईल कुठं, साहेब?"

"नदीत."

ग्रील बसली. मग मार्च लागला. नागपुरात खिडकी उजेडासाठी नसते, हवेसाठी तर नसतेच. ती कूलरसाठी असते. कूलर उघड्यावर पडलेला आणि खिडकी रिकामी, हे दृश्य कुठल्याही नागपूरकराच्या डोळ्यांना सोसवत नाही. वामनरावांनाही सोसवलं नाही. त्यांनी शाळेला भला मोठा कूलर भेट दिला आणि उभं राहून तो ग्रीलवर चढवून घेतला.

"अध्यक्षसाहेब, याच्या मागं भिंत आहे," मॅडम म्हणाल्या. "हवा कुठून घेईल हा?"

"काहून मॅडम, माह्या घरी खिडकीतच कूलर आहे ना. आजपर्यंत त्यानं मले हवेची तक्रार नाही केली."

कूलर खोलीचीच हवा घेई आणि ओली करून खोलीला परत देई. पाणी तो ड्रमानं प्यायचा. त्यातलं अर्धं भिंत पिऊन टाकायची. चित्रही झाकलं गेलं. गोलूनं अंधारात चाचपत विचारलं, "मॅडम, हंस कुठं गेले?"

"कूलरमागं आहेत."

"मजा आहे त्याहीची," गोलू म्हणाला.

एप्रिलमध्ये, सातचा पाढा चालू असताना, पाणी पिऊन तट्ट फुगलेला भिंतीचा तेवढा भाग कूलर, ग्रील, हिमालय, नारळ आणि हंसांसकट बाहेरच्या बाजूला कोसळला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. धूळ खाली बसली आणि भिंतीत बरोबर खिडकीएवढं भोक राहिलं. त्यातून ऊन आत आलं, बाकांवर, दप्तरांवर, पोरांच्या नाकांवर. बाहेर एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत ट्रकखाली ड्रायव्हर झोपला होता आणि एक बकरी त्याच्या टॉवेलचा विचार करत होती. मुलं श्वास रोखून पाहत राहिली.

मग भूमिकानं फळ्यावरची ओळ वाचली, बसल्या जागेवरून. मॅडमनी ती ओळ पुसली आणि दुसरी लिहिली, अंमळ बारीक अक्षरात. भूमिकानं तीही वाचली.

असे काही दिवस फार चांगले गेले. मग बोंद्रे साहेब आले.

"खिडकी कुठं आहे?"

"ही काय, साहेब."

"हे भगदाड आहे. खिडकीचं वर्णन माह्यापाशी आहे: पर्वत बर्फाच्छादित, हंस दोन, सूर्य उगवता. यातलं इथं काय आहे?"

"सूर्य आहे."

साहेबांनी कपाळावर हात धरून बाहेर पाहिलं. "हा उगवता आहे का?"

"अकरा वाजले, साहेब."

"मग नाही बसत."

निर्णय सरळ होता. मंजूर खिडकी पूर्ववत झाली नाही, तर खोली अयोग्य आणि तुकडी बंद. मॅडमनी पालकांची सभा बोलावली. सगळे पालक मिळून वर गेले तर भगदाडालाच चौकट बसवून मिळेल, असं त्यांनी कळकळीनं सांगितलं.

"भगदाडातून धूळ किती येऊन राहिली, मॅडम," रोहितचे वडील म्हणाले. "त्या खिडकीतून कधी आली का?"

"मच्छरही नाही आला," दुसरे म्हणाले.

"माही पिंकी उन्हानं काळी पडून राहिली," पिंकीची आई म्हणाली.

"आमचा गोलू दिवसभर तो ट्रक पाह्यते. ड्रायव्हर बनतो म्हणते आता."

"आन् काही म्हणा, ती खिडकी पाहुण्याले दाखवाच्या लायकीची होती."

भूमिकाची आई सरिता मागं बसली होती. ती हळूच म्हणाली, "माह्या पोरीले आता फळा दिसून राहिला पण."



"तिले चष्मा घेऊन दे वं," पिंकीची आई म्हणाली, आणि सगळ्यांना मोकळं वाटलं.

जुनी खिडकी परत आणण्यासाठी हात वर झाले. सरिताचा नाही झाला. मॅडमनी डोळ्यांसमोर अमरावती रोड आणला, ट्रक आणले, त्यांच्या मधून धावणारी दप्तरं आणली, आणि मग त्यांचाही हात वर गेला.

रविवारी पालकांनी श्रमदानातून विटा लावल्या. बंटीनं नवी खिडकी काढली. या वेळी डोंगर उंच, हंस चार, आणि सूर्य इतका वर की कुणाला शंका नको. उद्घाटनाला वामनराव आले, बोंद्रे साहेब आले. मुलांना खिडकीखाली उभं केलं. कॅमेरेवाल्यानं फ्लॅश मारला, खोली क्षणभर लख्ख झाली.

तुकडी वाचली. पट आता वाढतो आहे. तो फोटो वाडीहून नागपुरातल्या सदरला, सदरहून हुडकेश्वरला, तिथून पुण्या-मुंबईला फिरला. 'किती प्रसन्न वर्ग', 'आमच्या काळी असं नव्हतं', हात जोडलेले, फुलं, अंगठे. तुमच्याकडंही आला असेल. अंगठा तुम्हीही दिला असेल. गटात सगळ्यांनी दिला, तर आपण कसं राहायचं. मुलं फ्लॅशच्या एवढ्या उजेडाला सरावलेली नव्हती. त्या फोटोत एकाही मुलाचे डोळे उघडे नाहीत. तुम्ही खिडकी पाहत होतात.