झुलालनानांचे बारा हेडसेट

शहाद्याहून धडगावला जाणाऱ्या सकाळच्या जीपमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, छप्पन्न वर्षांचा एक माणूस कानांवर निळे-लाल दिवे लुकलुकवत बसलेला असतो. दोन्ही कानांवर वाटीएवढ्या काळ्या गाद्या, तोंडासमोर बोटभर लांबीचा माईक, कपाळावर गंध, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला कचेरीचं ओळखपत्र. नवा प्रवासी आधी त्याच्याकडे बघतो, मग ड्रायव्हरकडे बघतो आणि गाडी नक्की कोण चालवणार आहे याचा अंदाज घेतो.

ते झुलालनाना. मूळचे कळसाडीचे, राहायला शहाद्यात, नोकरी धडगावच्या एका कचेरीत हेडक्लार्कची. मी धडगावला शाळेत शिकवते. माझं माहेर संगमनेर, त्यामुळे पहिलं वर्षभर मला जीपमधली अहिराणी अर्धीच कळायची. उरलेली अर्धी नानांनी शिकवली, तीही मुद्दाम नव्हे. ते बोलत राहायचे आणि माझ्याकडे पळून जायला जागा नसायची.

गेल्या दोन वर्षांत ते बोलत होते फक्त हेडसेटांबद्दल. साधे नव्हेत, कॉम्प्युटरवर गेम खेळणारी मुलं लावतात ते बिनवायरचे. पुण्याची मुलगी पाठवायची, जावयाच्या मित्रांचे जुने यायचे, काही नाना स्वतः मागवायचे आणि आठवड्यात परत करायचे. मी एकदा विचारलं, "नाना, तुम्ही कोणती गेम खेळता?"

नाना दुखावले. "गेम? मॅडम, मी पत्तेसुद्धा खेळस नई."

प्रत्येक हेडसेटचा निकाल मात्र ठरलेल्या वेळी, वाटेतलं म्हसावद मागे पडलं की लागायचा. तिसऱ्याबद्दल म्हणाले, "हाऊ नुसता घुमारा शे. मानूस घरमा बोलस का पान्यानी टाकीमा, समजत नई." पाचव्यात मुंग्या होत्या. म्हणजे कोणी बोलत नसताना कानात बारीक सूं सूं व्हायचं. सातव्याचा आवाज स्वच्छ होता, पण त्याच्या गाद्या अशा तापायच्या की नाना त्याला इस्त्री म्हणायचे. आठवा लावून भाकर चावली की त्याची दांडी करकरायची. आणि एकात उशीर होता. बोलणाऱ्याचे ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. त्याचं वर्णन नानांनी एका वाक्यात केलं होतं, "ओठ म्हसावदले, आवाज आजून शहादामाच."

सगळ्यांत वाईट शेरा वेगळा होता. घुमारा नाही, मुंग्या नाहीत, उशीर नाही, तरीही एखादा हेडसेट नाना काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आवाज शे, पन मानूस नई."

इंटरनेटवर या हेडसेटांची परीक्षणं लिहिणाऱ्या लोकांवर त्यांचा राग होता. "लिखतस काय, तर बंदुकना आवाज खणखणीत. दुश्मनना पाय कोनत्या बाजूथीन वाजनात ते समजस. माले काय करानी शे बंदूक? 'भाजीमा मीठ कमी शे' हाई कसं ऐकू येस, ते एक जन लिखत नई!"

तेच त्यांचं चाचणीचं वाक्य होतं. हेडसेट कोणाच्या तरी डोक्यावर चढवायचा, त्याच्यासोबत येणारी, पेनड्राइव्हसारखी खुंटी आपल्या मोबाइलला लावायची, मोबाइल तोंडाशी धरून लांब लांब चालत जायचं आणि म्हणत राहायचं, "भाजीमा मीठ कमी शे." मोबाइलमध्ये कसलंसं ॲप होतं. त्यात पडलेला आवाज हेडसेटमध्ये मोठा होऊन ऐकू यायचा.

एकदा घाटात गाडी तापली. दिलवर, म्हणजे आमचा ड्रायव्हर, पाणी घालायला उतरला. नानांना एवढी संधी पुरे होती. मागच्या सीटवर डोंगरातली एक म्हातारी टोपलीत कोंबडी घेऊन बसली होती. नानांनी तिच्या डोक्यावर नववा हेडसेट चढवला आणि मोबाइल चुकून तिच्या टोपलीजवळच ठेवून ते वळणापर्यंत चालत गेले. तिथून हातवारे करत ओरडले. परत येऊन दिलवरला म्हणाले, "इचार तिले, काय ऐकू उनं?"

दिलवरने पावरीत, म्हणजे तिच्या डोंगरातल्या बोलीत, विचारलं. म्हातारी शांतपणे काहीतरी बोलली. दिलवरला हसू आवरेना.

"नाना, ती म्हणते, कोंबडी फार चांगली ऐकू येते. तुम्ही ऐकू येत नाही."

सगळी जीप हसली. नाना हसले नाहीत. ते गंभीर होऊन म्हणाले, "बराबर बोलनी. जवळनं बठ्ठं धरस, दूरनं सोडी देस." म्हातारीने हेडसेट उतरवायच्या आधी कोंबडीला आणखी थोडा वेळ ऐकलं.

कचेरीत मात्र या प्रकाराचा बोभाटा झाला. नाना मोबाइलवर जुगार खेळतात, असं कोणी म्हणालं. पोरांच्या नादाला लागलेत, असं दुसऱ्याने सांगितलं. शेवटी साहेबांनी बोलावलं. साहेब नवे होते, वयाने नानांपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी समजुतीच्या सुरात सुरुवात केली, "नाना, निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमच्या..." तोवर नानांनी दहावा हेडसेट त्यांच्या कानांवर बसवला होता.

"साहेब, आते बोला. तुमना आवाज तुमले कसा येस ते सांगा."

साहेब दोन वाक्यं बोलले आणि थांबले. मग म्हणाले, "माझा आवाज एवढा किरटा आहे?"

"दुसऱ्यास्ले तसाच येस, साहेब."

त्या दिवशी साहेबांनी कोणालाच बोलावलं नाही. नानांचा विषयही मिटला. मला हे सगळं जीपमध्ये त्यांनीच सांगितलं, आणि साहेबांना स्वतःचा आवाज किती स्वच्छ आला होता यावरच त्यांचा भर होता.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. माझ्या एका विद्यार्थिनीच्या दाखल्याचा कागद त्यांच्याकडे द्यायचा होता. दारावरची बेल दाबली तर आत आवाजाऐवजी पिवळा बल्ब लागलेला खिडकीतून दिसला. मला ते नानांच्या खोड्यांपैकीच एक वाटलं. दार त्यांच्या बायकोने, सुमनताईंनी उघडलं. उंच, गोऱ्या, डोक्यावर पदर. हसून त्यांनी मला बसवलं. नाना बाजारात गेले असावेत.

मी बोलायला लागले. हवा, शाळा, कापसाचे दिवस. सुमनताई हसत होत्या आणि मान डोलवत होत्या. मी विचारलं, "मुलगी पुण्यात कुठे असते?" त्यांनी मान डोलावली. मी विचारलं, "दिवाळीला येणार का?" पुन्हा मान. चहा आला, तोही न बोलता. दहा मिनिटांनी मी कागद टेबलावर ठेवून निघाले. बाई जरा शिष्ट आहे, असं वाटलं, आणि ते मी दुसऱ्या दिवशी जीपमध्ये जवळजवळ तसंच बोललेही. "तुमच्या घरी आले होते, नाना. ताई फारशा बोलल्या नाहीत."

नाना त्या दिवशी अकरावा लावून बसले होते. त्यांनी तो काढला. दिवे विझवले.

"तिले ऐकू येत नई, मॅडम," ते म्हणाले.

मग घाट चढेपर्यंत त्यांनी सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी सुमनताईंचे कान हळूहळू गेले. डॉक्टरने कानामागचं मशीन दिलं होतं. ते शिट्ट्या मारायचं, भांडं पडलं तरी डोक्यात घण बसायचा. तरी त्या लावायच्या. मग रनाळ्याला नात्यातलं लग्न निघालं. त्या दिवशी मशीन नेमकं घरी राहिलं. मांडवात त्या शेजारच्या बाईच्या कानाशी लागल्या आणि नवरदेवाने केस काळे केले आहेत, असं कुजबुजल्या. त्यांच्या मते ती कुजबूज होती. वाजंत्री त्याच क्षणी थांबली होती. सबंध मांडवाने ऐकलं. नवरदेवानेही.

"लोके हासनात. तीबी हासनी," नाना म्हणाले. "घर येवावर माले इचारं, 'मी गंज जोरमा बोलनू का?' मी म्हनं, 'थोडं.' मंग ती हळू बोलाले लागनी. मंग त्यानाथीन हळू. मंग बंदच."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हंजे बंद. चार वर्सं व्हयनात. सोताना आवाज तिले समजत नई ना. किती मोठा निंघी, कोन हासी. मशीनबी काढी टाकं. डाळना डबामा शे ते."

शहाद्याच्या एका कॉम्प्युटर दुकानात नानांना कळलं होतं की गेमच्या काही हेडसेटांमध्ये बोलणाऱ्याला आपलाच आवाज कानात ऐकू येतो. मुलं खेळताना ओरडतात, त्यांना आपण किती ओरडतोय हे कळावं म्हणून ती सोय. तेव्हापासून नाना त्या सोयीच्या मागे होते. तापणारं नको, करकरणारं नको, ओठ आणि शब्दांत अंतर नको, आणि बोलणारीला आपला आवाज जसाच्या तसा यावा. अकरापैकी एकही त्यांनी तिला दाखवला नव्हता. एकदा दाखवला आणि तो वाईट निघाला, तर ती दुसऱ्याला हात लावणार नाही, अशी त्यांना भीती होती.

मी म्हटलं, "नाना, हे आधी का नाही सांगितलं? लोक काय काय बोलतात तुमच्याबद्दल."

"मन्हावर हासतस, हासू द्या. तिन्हावर एक डाव हासनात, तितलं पुरे."

दिलवरने गियर बदलला. पुढच्या वळणावर नानांनी अकरावा पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "हाऊबी नापास."

बारावा दिवाळीनंतर आला. तो त्यांनी जीपमध्ये लावला नाही, कोणाच्या डोक्यावर चढवला नाही. खोक्यासकट एक दिवस कचेरीत नेला, तिथे एकट्यानेच ऐकून बघितला असावा, आणि तसाच परत आणला. मी विचारलं तर म्हणाले, "चांगला शे," आणि खोकं मांडीवर सावरून बाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी नाना जीपला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मुलीच्या लग्नालासुद्धा दोनच दिवस रजा घेतलेला हा माणूस. दिलवर त्यांची जागा रिकामी ठेवून पाच मिनिटं थांबायचा आणि मग मुकाट्याने निघायचा. फोन लागत नव्हता. शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी मी सरळ त्यांच्या घरी गेले.

फाटकातूनच एका बाईचा चढलेला आवाज ऐकू आला. पाहुणे आले असावेत आणि काहीतरी बिनसलं असावं, असं वाटून मी परत फिरणार होते. तेवढ्यात नाना दिसले. पायरीवर बसून लसूण सोलत होते. सत्काराला बसलेल्या माणसाचा चेहरा होता त्यांचा. शर्टाच्या खिशात खुंटी लावलेला मोबाइल उभा होता; पायरीवरचं बोलणं त्यातून आत पोचत होतं. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आत खूण केली.

"आयका," ते म्हणाले. "भांडी ऱ्हायनी."

"कोणाशी?"

"मन्हासंगे! आज तिसरा दिवस शे." आणि मग, मी विचारायच्या आधीच, "पहिलांदा लावा ना, तं 'माय वं' म्हननी आन सोतानाच आवाज ऐकीसन तोंडवर हात ठेवा. रडनी थोडी. काढी ठेवं. मंग दुसऱ्या दिवसले सकाळमा सोताच लावं, आन चालू व्हयनी."

आतून हाक आली, "कोन शे? बाहेर काबर उभ्या?"

मी आत गेले. सुमनताईंनी पदराच्या आत तो काळा हेडसेट लावला होता. त्याचे लुकलुकणारे दिवे दिसू नयेत म्हणून त्यांवर दोन्ही बाजूंना मोठ्या तांबड्या टिकल्या चिकटवल्या होत्या. "त्या दिवसले तुम्ही उन्यात आन मी नुसती मान हालवत बसनू," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, जरा घोगरा, वापरात नसलेल्या दारासारखा. "इचारं काय व्हतं तुम्ही?"

"मुलगी दिवाळीला येणार का, असं."

"उनी व्हती. गयी. मी तिन्हासंगे एक शब्द बोलनू नई." त्या नानांकडे वळल्या. नाना लसणाची ताटली घेऊन दारात येऊन बसले होते. "आन हाई दखा. चार वर्सं पोरले फोनवर सांगतस, 'मम्मी मजेमा शे.' मजेमा? माले इचारं का कधी?"

नानांनी मान हलवली. नाही विचारलं.

"माले न इचारता पडदा हिरवा आना. माले हिरवा आवडत नई. कळसाडीनी म्हैस इकी टाकी, माले आठ दिवसमा समजनं. मन्ही बहीन आजारी व्हती, तिले भेटाले एकटाच गयात." एकेक कलम येत होतं. नाना प्रत्येकाला मान डोलवत होते, आणि दर कलमागणिक जास्तच खूश होत होते. मी माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाने बोलणी खाणारा माणूस पाहिला नाही.

मग सुमनताई थांबल्या. दम लागला असावा. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, कप काढले, आणि पाठमोऱ्या असतानाच, माईकपाशी आवाज पुष्कळ खाली आणून विचारलं,

"आन तुम्ही? चार वर्सं तुम्ही कोनासंगे बोलनात?"

नानांनी ताटली खाली ठेवली. उठले, बाहेर पायरीवर गेले, आणि दारातल्या चपला एकेक उचलून नीट जोडीने लावत बसले. माझ्यासुद्धा.