रिकामं हाय ना? मग निजू दे

रशीदचाचांसमोर कुणी मोटरसायकल चालू ठेवून गप्पा मारायला लागलं, की ते बोलता बोलता हात लांबवून तिची चावी फिरवतात. मालक बघतच राहतो. चाचा म्हणतात, "रिकामी हाय ना? मग निजू दे."

चौक गावच्या नाक्यावर त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मी तिथं कामाला. हिंगोलीकडून आलो, आठवीतच शाळा सुटलेली, तरी चाचांनी ठेवून घेतलं, मागची खोलीही दिली. आता एवढं केलेल्या माणसासमोर रिकामं बसवत नाही. गिऱ्हाईक नसलं की मी काच पुसतो, पुसलेलीच पुन्हा पुसतो. "तुझ्यात निजायचं बटणच नाय रं," चाचा म्हणतात.

दुकानातल्या कॉम्प्युटरांवर लिनक्स आहे. चाचांनी काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप करून त्यांना एक नियम शिकवलाय: कीबोर्डला, माउसला पाच मिनिटं हात लागला नाही, की आपोआप झोपायचं. लोधिवलीचा एक जण पोरीची जन्मतारीख आठवत बसला, तेवढ्यात फॉर्मच काळा. चाचा त्यालाच म्हणाले, हात हलवत विचार करा.

माझी पंचाईत रविवारची. माझा फोन बटणांचा, म्हणून आई बहिणीच्या मोबाइलवरून दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करते. तिला आठवडाभराचं सांगायचं असतं. मी ऐकत राहायचो आणि ऐन बोलण्यात पडदा विझायचा. तिकडे ती घाबरायची, पोराला काय झालं म्हणून. पण चाचांना नियम बदला म्हणायचं कुठल्या तोंडानं? मग मी माउस फिरवत ऐकायचो, अन् तिचं अर्धं बोलणं निसटायचं.

एका रविवारी माउस विसरलो. आई बोलत राहिली. पडदा विझलाच नाही.

चाचा मान वर न करता म्हणाले, "आवाज चालू असला तर निजायचं नाय, असं सांगितलंय त्याला. ऐकणाऱ्याचे हात कुठं हलतात रं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन आलो, तर चाचा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे. हात मांडीवर, डोळे मिटलेले. स्पीकरमधून चाचींचा आवाज. त्या गेल्या वर्षी वारल्या; कधीतरी मोबाइलवर बोलून पाठवलेलं असणार. "कालवण थंड झालं. अजून किती वेळ मशिनी निजवत बसणार?" संपलं की पुन्हा तेच.

मला बघून म्हणाले, "टेस्टिंग चाललंय."

मी चहा ठेवला. फडकं उचललं होतं, ते परत ठेवलं आणि स्टुलावर नुसता बसून राहिलो.