श्राद्धाचा प्रोग्राम

राघोत्तमरावांच्या आईचे श्राद्ध २००६ साली संगणकात अडकले.

आवडी नावाच्या तमिळ गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथी काढणारा चारशे ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहिला होता आणि घरात पंचांग आणणे बंद केले होते. गुरुमूर्तीशास्त्रीही आता त्यांच्याच छापील यादीवर चालत. तक्रार एकच होती : गेली दोन वर्षे कावळा पिंडाला शिवला नव्हता. त्याचा दोष राघोत्तमरावांनी गच्चीसमोरच्या मोबाइल टॉवरला दिला होता.

यंदा यादी छापण्याआधी, शुक्रवारी, शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने, वेंकटने, तिथीचे गणित करणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला जोडलेला दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तयार भाग, अद्ययावत केली. प्रोग्राम बंद पडला.

"नवी लायब्ररी जुन्या भाषेवर चालत नाही, अप्पा. प्रोग्रामची भाषाही नवी घालतो."

भाषा नवी आली, लायब्ररी चालू लागली. परंतु राघोत्तमरावांच्या ओळी त्या भाषेला मान्य होईनात.

"मग जुनं होतं तसं कर."

"जुनी लायब्ररी पुसली मी. आता कुठं मिळत नाही."

"माझ्या आईचं श्राद्ध पुसलंस तू."

"देवळात विचारून येऊ?"

"त्यांना मी सात वर्षं सांगतोय, पंचांगाचे दिवस गेले. आता कुठल्या तोंडानं विचारू?"

शास्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "मी तुमच्या कागदाची वाट बघतोय. मंगळवार की बुधवार तेवढं सांगा, दर्भ आणायचेत."

वेंकटने रजा काढून साऱ्या ओळी नव्या भाषेत बसवल्या. मंगळवारी दुपारी पडद्यावर तिथी उमटली : सोमवार.

"म्हणजे काल?"

"जुनी लायब्ररी लिहिणारा जपानात होता, अप्पा. सूर्योदय तिथला धरलेला. बहुतेक वर्षी फरक पडत नव्हता. मागची दोन वर्षं पडला. एक दिवस उशीर."

राघोत्तमराव खुर्चीत बसले. "तीन वर्षं आई उपाशी."

पत्नी कनका पदराला हात पुसत बाहेर आली. "उपाशी कशाला? काल मी गच्चीवर पान ठेवलं. कावळा जेवून गेला. मागल्या दोन्ही वर्षीसुद्धा."

"तुला तिथी कोणी सांगितली?"

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवले. तिथे वाण्याने फुकट दिलेले, रोज पान फाडायचे तमिळ कॅलेंडर होते. कालच्या पानावर तिने कढीपत्ता निवडून ठेवला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सासूबाईच म्हणायच्या, त्याची चूक काढली की तो जेवत नाही. दोघांना उपाशी कशाला ठेवायचं?"

राघोत्तमरावांनी संगणक बंद केला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "शास्त्रींना काय सांगू?"

"टॉवरमुळं झालं म्हणा," कनका म्हणाली.