कुपी क्रमांक दोनचा गौरव

जी वस्तू मोडत नाही ती उत्तम, याबद्दल आमच्या टिकाऊपणा समितीत बावीस वर्षांत एकदाही दुमत झालेले नाही. (एकदा होणार होते, पण ते सदस्य त्या दिवशी रजेवर होते.) मी समितीचा सचिव. बादल्यांच्या कड्या, बुटांचे तळवे, छत्र्यांच्या काड्या असा एकूण तीन हजार एकशे चार वस्तूंचा जीव आम्ही काढला आहे. त्यांपैकी दोनशे उत्तीर्ण झाल्या. त्यांची खोकी आम्हाला उघडता आली नव्हती.

गेल्या महिन्यात समोरच्या प्रयोगशाळेतल्या एका संशोधक बाईंचा अर्ज आला. पहिल्याच ओळीत 'रेशीम' होते, म्हणून आवक खिडकीने तो कापड म्हणून आमच्याकडे पाठवला. हे रेशीम औषधासाठी आहे, असे तिसऱ्या ओळीत होते. खिडकी दुसरीपर्यंतच वाचते.

बाईंचे म्हणणे असे, की रेशमातल्या प्रथिनाचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे, त्यांत औषध भरायचे आणि ते सुईने शरीरात सोडायचे. शरीरातली एन्झाइम ते रेशीम रोज थोडे थोडे कातरतात. रेशीम झिजेल तसे औषध बाहेर पडते आणि शेवटी कणही उरत नाही. म्हणजे रोजची सुई जाऊन महिन्याला एक. बाईंच्या आत्या नऊ वर्षे रोज सुई टोचून घेतात. आमची परवानगी मिळाली, की पहिल्या तुकडीत त्यांचे नाव होते.

ऐकायला झकास. पण अर्ज सात-अ मध्ये 'कसर अथवा कीड लागते का?' असा रकाना आहे. तिथे बाईंनी एन्झाइमांची नोंद करून पुढे लिहिले, "लागते. लागायलाच हवी." सात-अ ला असे उलट उत्तर आजवर कुणी दिले नव्हते. तरीही आम्ही मोठ्या मनाने वीस धुण्यांची अट माफ केली, कारण ते कण पिळायला हाती लागेनात.

तपासणीला दोन कुप्या आल्या. दोन्हींत कण तेच. पहिलीत एन्झाइम, दुसरीत तुलनेसाठी नुसते खारे पाणी. चौदा दिवसांनी पहिलीतले निम्मे रेशीम संपले होते आणि औषध ठरल्या मापाने बाहेर आले होते. दुसरीत काहीही झाले नव्हते.

अध्यक्षांनी दुसरी कुपी उजेडात धरली. त्यांना अगदी भरून आले.

"वा! याला म्हणतात माल!"

"अहो साहेब, तिच्यात काहीच झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय मी."

"पण औषध आतच राहिलं ना! माणूस बरा कसा होणार?"

"औषध सुखरूप आहे, बाई. आणखी काय हवं?"

कुपी क्रमांक दोन एकमताने मंजूर झाली. (अट एकच: रुग्णांनी औषध घेताना शरीरातली एन्झाइम बाहेर ठेवावीत.) पहिली फेटाळली.

आत्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. "मंजूर!" मी आनंदाने सांगितले.

"अगंबाई! म्हणजे रोजची सुई सुटली माझी?"

"नाही, सुई चालू राहील. मंजूर झाली ती दुसरी कुपी."

बाई येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. त्या डोळे पुसू लागल्या. आत्याच म्हणाल्या, "रडू नकोस गं. नऊ वर्षं भोकं पाडतायत, फाटले का मी? ह्यांना सांग, आत्यालाही पास करा म्हणावं."

मला काहीतरी वाटले. तसा रकाना नसल्याने नोंद केली नाही.

वाचकहो, तुम्हालाही आत्ता वाटले असेल. काळजी नको. मी इतकी वर्षे माणसे पाहतो आहे. हे सगळे तुमच्या आत गेले खरे, पण पान उलटेपर्यंत जिथल्या तिथे राहील आणि तुमच्यावर ओरखडाही उठणार नाही. समितीला असेच लोक आवडतात. एक जागा रिकामी आहे.