चिमुकल्या बाणाचं वय

चिमुकल्या बाणाने त्या संध्याकाळी तोंड आवरलं असतं, तर योम दोंगसूवर पुढचा प्रसंग ओढवला नसता. पण दोष कुणाला द्यायचा? चिमुकला बाण म्हणजे खुद्द योम दोंगसूच होता.

इंचन शहरातल्या एका लिफ्टच्या कारखान्यात दारं नीट मिटतात की नाही हे तपासण्याची नोकरी दोंगसू करायचा. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब होऊन त्याच्याच डोक्यावर बसली होती आणि त्याला नुसत्या आडनावाने ‘योम’ म्हणून हाक मारायची. संध्याकाळी जेवण उरकलं, की तो मागच्या खोलीत शिरायचा, संगणकाचे दोन पडदे आणि एक मोबाइल समोर मांडायचा आणि ‘सात किल्ले’ नावाच्या ऑनलाइन खेळात दाखल व्हायचा. तिथे ‘पोलादी कमळ’ नावाच्या टोळीत त्याला मान होता. तिथे तो ‘लोखंडी भिंत’ होता; कमी बोलणारा, पुढे होऊन वार झेलणारा योद्धा. सगळे त्याला ‘दादा’ म्हणत. सबंध दिवसात आपल्याला कुणी दादा म्हणतं ते एवढ्या एका ठिकाणी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

टोळीत वैद्य नव्हता, म्हणून दोंगसूने स्वतःच दुसऱ्या नावाने खेळात शिरून ‘चांदणी’ ही हळव्या स्वभावाची वैद्यीण उभी केली. मग तिरंदाज कमी पडला, तेव्हा ‘चिमुकला बाण’ आला. वय वर्षं बावीस, उद्धट, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात नाक खुपसणारा. या कार्ट्याला कुणीतरी समजावायला हवं म्हणून शेवटी ‘धुक्यातला म्हातारा’ हा जादूगार आणावा लागला. दोंगसूने हे चौघं इतके मन लावून सांभाळले, की टोळीत ते चार वेगळी माणसं म्हणूनच ओळखले जात. एकदा बाण आणि म्हाताऱ्याचं असं कडाक्याचं भांडण झालं होतं, की दोंगसूला दोन दिवस कुणाची बाजू घ्यावी ते कळेना.

तर त्या संध्याकाळी लढाईची बोलणी चालू होती. येत्या रविवारी टोळीला उत्तरेचा किल्ला राखायचा होता. बोलता बोलता बाणाची जीभ घसरली.

“भाऊ भाऊ करतो आपण, पण कुणी कुणाचं तोंड तरी पाहिलंय का? कसले भाऊ!”

“पोरगं बरोबर बोललं!” पांढरा घोडा नावाचा टोळीतला तापट सरदार उसळला. “शनिवारी भेटायचं! शेगडीवर मांस भाजू, सोजूची दारू पिऊ. हिंमत असेल तो येईल!”

दोंगसूने घाईघाईने म्हाताऱ्याला पुढे केलं. अट कडक घातली की लोक कचरतील आणि बेत बारगळेल, असा त्याचा हिशेब. म्हातारा धीरगंभीरपणे म्हणाला, “भेटायचं तर सगळ्यांनी. जो येणार नाही तो फितूर समजून टोळीतून काढावा.”

टोळीचा म्होरक्या ‘काळा वाघ’ म्हणाला, “कबूल.” त्याच्यामागून एकेक करत, थोड्या थोड्या वेळाने, उरलेल्या चौघांनीही ‘कबूल’ लिहिलं. दोंगसूने कपाळाला हात लावला. आता शनिवारी चार तोंडं न्यायची, नाहीतर सगळं उघडं पडून एकुलत्या एका ठिकाणचं दादापण घालवायचं.

“म्हणजे मला कळलं ते बरोबर आहे ना?” त्याची बायको सोनहे सगळं ऐकून म्हणाली. “मी इथे एक नवरा सांभाळताना मेटाकुटीला येते, आणि तुम्ही मागच्या खोलीत चार माणसांचा संसार थाटलाय?”

“तू फक्त चांदणी हो गं. गोड बोलायचं, बास.”

“तुमच्याशी?”

“सगळ्यांशी.”

“ते जमेल. तुमच्याशी जमेलच असं नाही.”

म्हाताऱ्याच्या कामाला दोंगसूने आपले सासरे बेक यांना हेरून ठेवलं होतं. ते बंदरात जहाजं ओढणारी ओढबोट चालवून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर, भुवयासुद्धा पांढऱ्या. याहून चांगला जादूगार आणखी कुठे मिळणार? पण सासरे ‘म्हातारा’ हा शब्द ऐकताच खवळले.

“जावईबापू, म्हातारा कोण? मी रोज डोंगर चढतो! तुमच्याकडे आणखी कोण आहे?”

“एक तिरंदाज आहे, बाबा. पण तो बावीस वर्षांचा...”

“तो मी.”

“पण बाबा...”

“ठरलं. पोरगा उद्धट आहे म्हणालात ना? आवडला मला.”

शेवटी धुक्यातला म्हातारा सासूबाईंच्या गळ्यात पडला. त्या बिचाऱ्या लगेच तयार झाल्या. एवढंच विचारलं, “जादूगाराला गुडघ्याची गोळी घेतलेली चालते ना?”

शनिवारी बुप्यंग स्टेशनजवळच्या भाजलेल्या मांसाच्या दुकानात दोंगसू आपलं लटांबर घेऊन शिरला. लांबच्या टेबलाशी पाच माणसं अवघडून बसली होती. मधला गोलमटोल, घामेजलेला गृहस्थ धडपडत उठला.

“काळा वाघ. म्हणजे, गिल मानबोक. सुवनला किल्ल्या बनवायचं दुकान आहे माझं. आणि हे आपले भाऊ.” त्याने हात फिरवला. भावांमध्ये दोन बायका होत्या. “हा पांढरा घोडा.”

पांढरा घोडा म्हणजे साडेचार फुटांच्या एक आजीबाई होत्या. त्या पाठ ताठ करून, मुठी आवळून, समोरच्या शेगडीकडे रागाने बघत बसल्या होत्या. दोंगसूला धक्का बसला, पण स्वतःचीच बाजू इतकी लंगडी होती, की नवल करायला त्याला फुरसत नव्हती.

आता अशा बैठकीत पहिला प्रश्न वयाचा. कोण थोरलं, कोण धाकटं हे ठरल्याशिवाय कुणी कुणाच्या पेल्यात ओतायचं, कुणाला अहो म्हणायचं आणि कुणाला अरे, काहीच ठरत नाही. घोटभर सोजूही घशाखाली उतरत नाही. मानबोकने घसा खाकरून सुरुवात केली.

“मी एक्केचाळीस. लोखंडी भिंतदादा चव्वेचाळीस, ते माहीत आहे. आणि आपला चिमुकला बाण?”

“बावीस!” सासरे गरजले. ओढबोटीवर भोंगा बिघडला की हाच आवाज कामाला येत असे.

वाढायला आलेली बाई चिमटा हातात धरून थबकली. दोंगसूने डोळे मिटून घेतले.

“दिसत नाही हो,” पांढरा घोडा हळूच म्हणाला.

“अंगकाठी तशी आहे,” मानबोक लगबगीने म्हणाला. “काहींची असते. चला, बसा, बसा!”

दोंगसूला आश्चर्य वाटलं. कसली भली माणसं! कुणी हसलं नाही, कुणी उलटतपासणी केली नाही. मानबोकने बावीस वर्षांच्या बाणाला ओतायला सांगायच्या ऐवजी स्वतःच दोन्ही हातांनी बाटली धरून अदबीने त्याचा पेला भरला. बाणाने तो एका दमात रिकामा केला आणि म्हणाला, “अरे वाघ्या, भर की परत. हात आखडू नकोस!” वाघाने मुकाट्याने भरला.

चांदणीने सगळ्यांना पानात मांस गुंडाळून दिलं. पलीकडचा एक दाढीवाला तरुण, ‘रात्रीचा राजा’ म्हणून ओळख करून दिलेला, सारखा मानबोककडे बघून मगच तोंड उघडत होता. धुक्यातल्या म्हाताऱ्याला किल्ल्याबद्दल मत विचारलं, तेव्हा सासूबाई बराच विचार करून म्हणाल्या, “किल्ला म्हणजे ओल येतच असेल. आधी भिंती बघून घ्या.” यावर घोडा कळवळून म्हणाला, “नाहीतर काय! आमच्याकडे पण मागची भिंत...” आणि मानबोकने त्याला कोपराने ढोसलं.

दोंगसू हळूहळू सैलावत होता. निभतंय, असं त्याला वाटू लागलं. त्याने पेला उचलला आणि सवयीने, समोर वडीलधारं माणूस बसलंय म्हणून, मान आडवी वळवून, तोंडावर हात धरून प्यायला. मानबोक बघतच राहिला. चव्वेचाळीस वर्षांची लोखंडी भिंत बावीस वर्षांच्या पोरासमोर तोंड फिरवून पीत होती. तेवढ्यात शेगडीवर धूर झाला.

“जावईबापू!” चिमुकला बाण ओरडला. “मांस करपतंय! उलटा की!”

“हो बाबा!” म्हणत लोखंडी भिंतीने झडप घालून चिमटा उचलला.

आणि मग तो चिमटा तसाच हवेत राहिला.

दोंगसूने मांस उलटलं, चिमटा खाली ठेवला आणि मान खाली घातली. आता लपवायला उरलंच काय होतं? उद्यापासून संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊन काय करायचं, हा विचार मनात आला आणि त्याला अगदी भरून आलं.

“मानबोक,” तो म्हणाला, “हे माझे सासरे. ही बायको. या सासूबाई. चौघंही मीच. फितूर म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण दोन वर्षं तुम्हा पाच जणांत फार बरे गेले माझे दिवस.”

मानबोकचे खांदे हलू लागले. रागावला, असं दोंगसूला वाटलं. मग मानबोकने तोंडावर नॅपकिन धरला, आणि त्यातून आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा, ते कळेना.

“दादा,” तो म्हणाला, “पाचही मीच.”

“काय?”

“ही आई. ही बायको. हा मेहुणा. आणि हे शेजारचे अंडीवाले, यांना मी अर्ध्या वाटेत समजावून आणलंय. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या, दादा! घोडा भडकून बोलून गेला, आणि मग तुमचा तो म्हातारा फितूर फितूर करायला लागला!”

“म्हणजे आता मी घोडा नाही ना?” मानबोकच्या आईने विचारलं. “मग टेकते बाई. कंबर गेली ताठ बसून.”

अख्खी टोळी हसत सुटली. दोंगसूच्या छातीवरचा धोंडा असा उतरला, की त्याने एकट्याने अर्धी शेगडी रिकामी केली. नऊ जणांची पोलादी टोळी म्हणजे दोन माणसं! ती भांडणं, ते रुसवेफुगवे, ती समेटाची रडारड, सगळं दोघांत. मध्येच सोनहेने विचारलं, “मग चांदणीला वर्षभर फुलं पाठवणारा रात्रीचा राजा म्हणजे...?” तेव्हा दोन्ही पुरुषांना एकदम ठसका लागला आणि पाण्याची शोधाशोध झाली.

निघताना मात्र सासरे दारात अडून बसले. “जावईबापू, बाण मी परत देणार नाही.”

“बाबा, तो खेळ आहे, शिकावा लागतो...”

“शिकवा मग.”

सासूबाईंचं आणि मानबोकच्या आईचं ओल आणि गुडघे यांवर इतकं जमलं होतं, की त्यांनाही रोज भेटायची एक जागा हवीच होती. चांदणी सोनहेने आधीच खिशात घातली होती. राजाची फुलं यापुढे कुठे जातात यावर लक्ष ठेवायचं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी लढाईला पोलादी कमळ प्रथमच खरोखरच्या नऊ माणसांनिशी उतरलं. किल्ला चुटकीसरशी गेला. बाण कुणाचं ऐकेना, म्हातारा आणि घोडा बुरुजावर गप्पा मारत बसले, अंडीवाले चुकून शत्रूच्या बाजूने लढले. त्यानंतर टोळीची सभा झाली आणि हार का झाली यावर बोलून नव्या म्होरक्यासाठी मतं घेतली. सात विरुद्ध दोन मतांनी पांढरा घोडा म्होरक्या झाला. आजीबाईंचा पहिला हुकूम सुटला, “वाघ आणि भिंत, तुम्ही दोघं फार सूचना देता. छावणीच्या दरवाज्यावर जाऊन उभे राहा बरं.”

दोघं आपले दरवाज्यावर जाऊन उभे राहिले. दोंगसूसमोर एकच पडदा होता, त्यात एकच माणूस, आणि त्याला काहीच काम नव्हतं. त्याने कधी नव्हे ते खुर्चीला पाठ टेकली. बाजूच्या खोलीतून सासऱ्यांची आरोळी आणि बायकोचं हसू ऐकू येत होतं.

“दादा,” मानबोकने हळूच लिहिलं, “एखादं नवीन पात्र काढायचं का? छोटंसं? कुणाला न सांगता?”

“मानबोक, गप उभा राहा,” दोंगसूने लिहिलं. “इतकं बरं वाटतंय, बिघडवू नकोस.”