टिपणिसांचं चाकावरचं घर

१९५५. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेआठ. मुलुंड, टिपणिसांचं अंगण. हजर: टिपणीस, त्यांच्या पत्नी माई, जीपसह डॉक्टर गुप्ते, आमचे हे आणि मी. टांगेवाला घोड्यासह येऊन परत गेला होता.

ही नोंद माझ्या वहीतली. मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही, आणि शेजारी टिपणीस असल्यावर वह्या पुरत नाहीत.

हे गृहस्थ दर शनिवारी स्वतःच्या अंगणात तंबू ठोकून झोपत. पंधरा पावलांवर घर, घरात पलंग, पलंगावर गादी. कारण विचारलं की म्हणत, "सराव मोडला की माणूस मोडतो, वहिनी." नोकरीत असताना ते ड्राफ्ट्समन होते. महिन्यातून एकदा माईंना घेऊन पवईच्या तलावावर मुक्कामाला जात. तंबूच्या खुंट्यांवर नंबर घातलेले. चार नंबरची खुंटी पाच नंबरच्या जागी ठोकली म्हणून त्यांनी एकदा अख्खा तंबू उतरवला होता.

मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "तंबू पुरे. माणसानं प्रगती करावी." लष्करी मालाच्या लिलावातून दोन चाकांचा ट्रेलर आणला. त्याची चाकं काढून लहान बसवली आणि वर वर्षभर खपून लाकडी खोली उभारली. दोन बाकं, स्टोव्हला कोनाडा, खिडकीला माईंच्या जुन्या लुगड्याचे पडदे. नवा मंत्रही तयार होता: "चाकावर घर, जिवाला नाही घोर."

घोर एकच होता. घर ओढणार कोण?

घोड्यानं मागे वळून पाहिलं आणि चारही पाय रोवले. टांगेवाला म्हणाला, "साब, हमारा घोडा सवारी खींचता है, खोली नहीं." त्याआधी गवळ्याचे बैल जुंपून झाले होते. जू खांद्यावर, ट्रेलर जमिनीलगत. पुढचा दांडा वर गेला आणि आतली भांडी मागच्या भिंतीवर जाऊन आदळली.

जीपचंही तेच झालं. हूक उंच, दांडा खाली. जीप दहा पावलं गेली आणि ट्रेलरच्या शेपटानं अंगणात सरळ चर पाडला.

"टिपणीस, नांगरट झकास झाली," डॉक्टर म्हणाले. "आता वाल पेरून घ्या."

"हूक खाली घ्या तुमचा."

"अहो, जीप माझी आहे. तुम्ही मोठी चाकं घाला ना. अर्ध्या दिवसाचं काम."

"चढायला उंच होईल."

"मग पायऱ्या दोन करा."

"नाही. पायरी एकच. नऊ इंच म्हणजे नऊ इंच."

"दांडा तरी वर वळवा," आमचे हे म्हणाले.

"लोहाराला विचारलं. वळवला तर मोडेल म्हणतो."

मी वैतागले. वहीत लिहिलं: 'टिपणिसांना मोठ्या चाकांसाठी पटवणे.' आणि चहा आणायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले.

फडताळाशी जमिनीवर विटा रचलेल्या होत्या. शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं, ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं:

७ इंच – चढली.
८ – चढली.
९ – भिंतीला हात लावून चढली.
१० – नको.
दोन पायऱ्या – नको.

माई कपबशा मांडत होत्या. त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते, हे मला ठाऊक होतं. तंबूत खाली बसल्या तर उठता येत नसे, हे मात्र त्या आत्ता बोलल्या.

"पंधरा दिवस रोज वरची लोणच्याची बरणी काढायला लावायचे," त्या म्हणाल्या. "रोज विटांची उंची वेगळी. आणि कुसुम, हे लोणचं खातच नाहीत गं."

"तुम्ही बोलला नाहीत त्यांना?"

"कशाला? एवढं मन लावून चाललं होतं."

चहा घेऊन बाहेर आले. वहीतलं ते वाक्य खोडलं.

आता दिवाळी आली आहे. ट्रेलर अंगणातच आहे, तोंड पवईच्या दिशेनं. चर बुजवला नाही. त्यात माईंनी खरोखरच वाल पेरले. संध्याकाळी दोघं आत बाकांवर बसून चहा पितात. परवा मी कुंपणाशी होते तेव्हा माईंनी विचारलं, "कुठवर आलो हो?"

"भांडुप."

"गेल्या महिन्यातही भांडुपच होतं."

"मग? पोचल्याशिवाय पोचलो म्हणायचं नाही."

माई हसल्या आणि त्यांनी पडदा सारला.

माझ्या पिशवीत हल्ली टेप असते. डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे कोणाची मोटार उभी राहिली की मी तिच्या मागे वाकून हूक किती उंचीवर बसेल ते मोजते. लोक बघतात, बघू देत. वहीत खोडलेल्या ओळीखाली नवी ओळ आहे: 'वाहन शोधणे. ट्रेलर उचलायचा नाही.' तिच्यापुढे अजून बरोबरची खूण झालेली नाही.