जबडे दोन, चौकोन चार

"तुम्हाला खरं वाटणार नाही डॉक्टर," फिटरकाका बँडेजमधून म्हणाले, "पण तो टँकर माझ्याकडे बघत बघत आला."

काका कारखान्यातून निवृत्त झाले होते, हात मात्र झाले नव्हते. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडत नसे, कारण ती पुन्हा चालतच नसे. गेल्या खेपेला मिक्सरचं झाकण छताला जाऊन धडकलं, तेव्हा काकूंनी बजावलं होतं, "आता एका स्क्रूला जरी हात लावलात, तर ती पान्यांची पेटी भंगारात!" चाळीस वर्षांची पेटी. तिच्यात प्रत्येक पान्याला आपली जागा होती. काकांना घरात तेवढीही नव्हती.

म्हणून काल काकू मुलीकडे गेल्याबरोबर काका स्टुलावर चढले आणि त्यांनी पंखा उघडला. स्टूल धरायला मेहुणा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. ऐन वेळी त्याला शिंक आली. काका हनुवटीवर आपटले, आणि वाटेत त्यांचा गुडघा मेहुण्याच्या जबड्याला भेटून गेला. मेहुण्याचे वरचे-खालचे दात आता तारेने बांधून टाकले होते. वॉर्डात आल्यापासून त्याने चकार शब्द काढला नव्हता. काकांच्या हाडाला नुसती चीर गेली होती, त्यामुळे दोघांच्या वतीने बोलायला ते मोकळे होते.

तरुण डॉक्टरीणबाई मोडक्या जबड्यांचा अभ्यास करत होत्या. कोणाचा मोडला, कुठे मोडला, कशाने मोडला. फॉर्मवर कारणाचे चार चौकोन: वाहन, मारामारी, प्राणी, पडणे.

"टँकर म्हणजे वाहन." त्यांनी खूण केली. "पोलीस केस झाली. हवालदार जबाब घ्यायला येतील. नंबर आठवतोय?"

काकांनी घाईघाईने टँकर मागे घेतला. "टँकर आपला लांबून गेला हो. खरं म्हणजे चोर होता. मेहुण्याला वाचवायला मी मध्ये पडलो."

"मग मारामारी. तीही पोलीस केसच."

एवढ्यात काकू सूपचा थर्मास घेऊन आल्या. "चोराशी? तुम्ही? घरात झुरळ निघालं तर पलंगावर चढता!"

"चोर म्हणजे... चोरासारखं आलं ना ते! कुत्रं! वासराएवढं!"

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीकडे धरला. "काका, हनुवटीवर आपटलं की हाड कानाजवळ मोडतं. तुमचं तसंच मोडलंय. माझ्या यादीतले असे बहुतेक जण उंचावरून पडलेले आहेत. तुम्ही कुठे चढला होतात का?"

काकूंची भुवई वर गेली. काकांना पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर चढताना दिसली.

"पडलोच ना! ह्याला वाचवायला मध्ये गेलो, तर कुत्र्याने पाडलं! हे बघा ओरखडे. ह्याच्याही हातावर आहेत!" ओरखडे दोघांवर कोसळलेल्या पंख्याच्या पात्याचे होते, पण पातं काही सांगायला येणार नव्हतं.

"आधी नाही का सांगायचं? मग रेबीजची पाच-पाच इंजेक्शनं लागतील. दोघांना, आजपासूनच. सिस्टर!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काकांचा हात धरला. "अहो, माझ्या भावासाठी एवढं सोसलंत? आणि मी त्या पेटीवरून तुम्हाला घालूनपाडून बोलले. घरी चला, हवं ते उघडून बसा. मी काही म्हणणार नाही."

काकांना वाटलं, याच्यापुढे पाच सुया काय, पन्नास खाव्यात! त्यांनी आनंदाने बाही वर केली.

पण सिस्टर दाराकडून सुरुवात करत, आणि दाराजवळची खाट मेहुण्याची होती. त्यांनी सुई उभी धरून हवा काढली. मेहुण्याने सुईकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं, पुन्हा सुईकडे पाहिलं. आणि बांधलेल्या दातांच्या फटींतून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज आला:

"ताई, खोटं! सगळं खोटं! कुत्रं नव्हतं, स्टूल होतं! आणि पाना ह्यांच्याच हातात होता!"